रोजच्या वापरातल्या जुन्या गाडीलाही नियमात जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या दैनिकात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र छापून आलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या मोटारी एक तर भंगारात द्याव्यात, नाहीतर झाकून संग्रहालयात ठेवाव्यात, रस्त्यावर त्यांचं आता काही काम नाही, असं त्यांचं म्हणणं. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं. म्हणूनच मीही हे सविस्तर लिहिते आहे.

माझ्याकडे १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. या वर्षअखेर ती ५० वर्षांची होईल. ती भंगारात जाणार नाही आणि काचेआडही बसणार नाही, कारण तिला काम आहे. दर पंधरवड्याला ती मला कराडहून चिपळूणला माझ्या थोरल्या बहिणीकडे नेते. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी. बहिणीला आता एकटीला बाजारहाट जमत नाही, म्हणून जाताना डिकीत तांदूळ, गूळ, तिची औषधं. येताना तिच्या परसातले नारळ. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. गाडी माझ्या वडिलांची. नंबर लावल्यावर कित्येक वर्षांनी ती हाती आली, तेव्हा मी शाळेत होते. आईनं बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, त्याचा पिवळसर डाग वडिलांनी पुढे कित्येक दिवस पुसू दिला नव्हता.

या गाडीचं इंजिन आपल्याला वाटतं त्याहून जुनं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाटची ११०० डी बाहेर पडू लागली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. पण तिच्या पोटातलं १०८९ सीसीचं इंजिन, ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), फियाटनं १९३७ सालीच इटलीत आपल्या बालिल्ला ११०० मध्ये बसवलं होतं. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या, माप तेच राहिलं. क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, तीनच मेन बेअरिंग, ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह पुशरॉडनं उघडणारे. ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत याच इंजिनानं दोन-तीन पिढ्यांची पोटं भरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांची मर्यादा संपून रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी मी दिवसभर अस्वस्थ होते.

आता मूळ मुद्दा. मला या इंजिनात थोडी सुधारणा करायची आहे. थोडीच. ती का, हे सांगायला मागच्या वैशाखातली एक दुपार सांगावी लागेल.

चिपळूणहून परत येत होते. पोफळी सोडून घाट चढायला लागल्यावर चौथ्या-पाचव्या वळणावर गाडी आचके द्यायला लागली. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर आले, तरी ओढेना. मग बंदच पडली. वडील असते तर त्यांनी आधी इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं असतं. इंजिनाच्या अंगालाच बसवलेला पेट्रोलचा पंप, ज्याला गॅरेजात एसी पंप म्हणतात, उन्हात आणि चढात तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोलात हवा मिसळणारा कार्बोरेटर उपाशी राहतो. त्या काळी घाट चढणाऱ्या प्रत्येक फियाटवाल्याजवळ एक फडकं आणि पाण्याची बाटली असायचीच. मीही फडकं टाकलं. वीस मिनिटं थांबले. गाडी सुरू झाली, दोनशे मीटर गेली आणि पुन्हा थांबली. या वेळी पंपाच्या खालच्या भोकातून पेट्रोल ठिबकत होतं. तापलेल्या इंजिनापासून वीतभर अंतरावर. मी बॅटरीची वायर काढली, मागच्या चाकाला दगड लावला आणि कडेच्या कठड्यावर जाऊन बसले. पाय थरथरत होते, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींनी पंप उघडला. आतला पडदा फुगून पापडासारखा वेडावाकडा झाला होता आणि कडेला फाटला होता. नळीचं रबर बोटांनी दाबलं तर चिकट लागलं. मिस्त्री म्हणाले, "ताई, हे आताचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला माझा विरोध नाही. आमच्याकडे उसाच्या मळ्यांतूनच रस्ता जातो, त्या पैशाची किंमत मला माहीत आहे. पण १९७६ साली बनवलेला पडदा आणि नळी त्याच्यासाठी बनवलेली नव्हती, एवढं खरं. कार्बोरेटरची जेटं, म्हणजे मोजून पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, तीही नव्हती. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे पूर्ण जळायला त्याला हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं साधारण १४.७ भाग हवा, इथेनॉलला ९. म्हणजे मिश्रण २० टक्क्यांचं झालं की तेच जेट इंजिनाला गरजेपेक्षा कमी इंधन पाजतं. गाडी कोरडी चालते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, चढाला दम लागतो. नव्या गाडीत संगणक हे आपोआप सांभाळून घेतो. माझ्या गाडीत ते काम पितळेच्या एका बारीक जेटचं आहे.

त्याच वेळी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि ब्लॉक यांमधलं गॅस्केट फुंकल्याचंही लक्षात आलं. हेड उतरवलं, तेव्हा मी मिस्त्रींना म्हटलं, दोन दिवस ते माझ्याकडे राहू द्या. स्वयंपाकघरामागच्या पडवीत जुन्या चादरीवर ते उलटं ठेवलं. शाळेच्या प्रयोगशाळेत जे केलं तेच इथे केलं. अॅक्रिलिकचा तुकडा घेतला, त्याला एक भोक पाडलं, कडेला व्हॅसलिन लावून तो ज्वलनकक्षाच्या पोकळीवर चिकटवला आणि घरात उरलेलं रेशनचं निळं रॉकेल २० सीसीच्या सिरिंजनं आत सोडत गेले. बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. चारही पोकळ्या प्रत्येकी तीन वेळा मोजल्या. पहिल्या आणि चौथ्यात दीड सीसीचा फरक निघाला. ओतीव कामात एवढं इकडेतिकडे व्हायचंच, पण याचा अर्थ चार सिलिंडर चार वेगवेगळ्या जोरानं ओढत होते. पोकळी, गॅस्केटची जाडी आणि पिस्टन वर आल्यावर उरणारी फट असं सगळं धरून सरासरी ४१ सीसी. १९९१ मध्ये वडिलांनी एकदा बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून किंचित रुंद करून, ०.२ मिलिमीटर मोठे पिस्टन टाकले होते. त्या हिशेबानं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ७.७ ला १ असं आलं.

कागदावर आकडे मांडले आणि योजना आपोआप समोर आली. बोअरमध्ये आता वरच्या बाजूला झीज आहे, रिंगा तेल खातात. म्हणजे बोअर करायचाच आहे. ०.६ मिलिमीटर मोठे पिस्टन टाकले तर इंजिन ११०९ सीसीचं होईल. कंपनीच्या मूळ मापापेक्षा २० सीसी जास्त, रॉकेल मोजायला वापरलेली एक सिरिंज भरेल तेवढं. हेडला पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित कमी फेसिंग करून, म्हणजे तेवढं घासून, आणि चारही पोकळ्या सारख्या करून कॉम्प्रेशन ८.२ पर्यंत न्यायचं. त्यापुढे नाही. ही गाडी बनली तेव्हाच्या साध्या पेट्रोलला हे कदाचित झेपलं नसतं, मिश्रण अवेळी भडकून इंजिनानं ठोके दिले असते, म्हणजे नॉकिंग केलं असतं. पण इथेनॉलमुळे आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग न होता दाब सोसण्याचा गुण, ९५ पर्यंत गेला आहे. ज्या इंधनानं माझा पंप फाडला, त्याच इंधनाच्या अंगी हा गुणही आहे. तो वापरून घ्यावा, असं मला वाटतं. जेट बदलायचं. जेटावर १२५ असा आकडा असेल तर भोक १.२५ मिलिमीटरचं असतं. आठ टक्के जास्त इंधन हवं असेल तर १३० चं जेट पुरतं. फरक पाच शतांश मिलिमीटरचा, केसाच्या जाडीएवढाही नाही.

व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर टेकतात त्या कड्या, बदलायच्या. देशभर शिसं नसलेलं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून आलं. मुलांच्या आरोग्यासाठी ते फार चांगलं झालं. पण जुन्या इंजिनात शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवत असे, तो गेला. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट पुन्हापुन्हा घट्ट व्हायला लागले की समजावं, सीट खाली बसत चालली आहे. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी हा प्रश्न रोज हाताळला. कोरड्या वायूनं सीट आणखी लवकर झिजतात. आमच्या मिस्त्रींनी उमेदीची सहा वर्षं कुर्ल्याच्या एका टॅक्सी गॅरेजात काढली आहेत. कडक सीट कुठल्या टर्नरकडून बसवून घ्यायच्या, किती घट्ट बसवायच्या, हेड आधी किती गरम करायचं, हे त्यांना तोंडपाठ आहे. बोअर आणि हेडचं फेसिंग आम्ही कोल्हापुरात उद्यमनगरात करून घेणार आहोत. ओतकाम आणि इंजिनकाम ज्या गल्ल्यांत पिढ्यान्पिढ्या चालतं, तिथे काम सोपवलं की रात्री झोप लागते.

बाकी राहिलेल्या गोष्टी किरकोळ आहेत. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट काढून आतच मावणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, कारण पॉइंटची फट झिजत जाते आणि तीन-चार हजार किलोमीटरवर टायमिंग हळूहळू सरकतं. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, कारण घाटात रात्री पहिल्या गिअरवर हळू चाललं की डायनॅमो पुरेसा करंट देत नाही, दिवे पिवळे पडतात आणि दरीकडची पांढरी पट्टी दिसेनाशी होते. पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्बोरेटरच्या रबरी वस्तू आजच्या इंधनाला टिकतील अशा. रेडिएटरचा कोअर नवा. काढलेली प्रत्येक मूळ वस्तू तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून पेटीत राहील. बोअर आणि हेड सोडून बाकीची गाडी उद्या कोणाला होती तशी करायची असेल तर एका दिवसात होईल.

या सगळ्यातून ताकद किती वाढणार? माझ्या हिशेबानं दीड अश्वशक्ती. फार तर दोन. झिजेनं गेलेली परत येईल ती वेगळी. हे ऐकून माझा भाचा निराश झाला. तो पुण्यात मोटारींच्याच धंद्यात आहे, जाणकार आहे आणि माझ्यावर त्याची माया आहे. तो म्हणाला, "मावशी, एवढा खर्च करतेसच तर मारुतीचं १३०० सीसीचं इंजिन बसवू. नाहीतर ११८ एनईचं निस्सानचं ११७१ सीसीचं, तेही प्रीमियरचंच आहे." शिवाय त्यानं शोधून काढलं की १९६२ च्या इटालियन ११०० डी मध्ये हाच बोअर ७२ मिलिमीटर करून १२२१ सीसी आणि ५० अश्वशक्ती काढली होती. आपल्याकडे मात्र इंजिन १०८९ चंच राहिलं. "मग तू का थांबतेस?" असं त्यानं विचारलं.

थांबते, कारण बाकीची गाडी तीच आहे. पन्नास वर्षं पाणी फिरलेल्या ब्लॉकची भिंत आतून किती गंजली आहे हे न मोजता त्यातून चारही बाजूंनी जवळजवळ दोन मिलिमीटर कापायला कुठलाही शहाणा टर्नर हात लावणार नाही. तीन बेअरिंगांचा क्रँक, स्टिअरिंगवरचा गिअर, मागचा डिफरन्शियल, सगळं ४० अश्वशक्तीच्या हिशेबानं बनलेलं. आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. वर्गात मी हे फळ्यावर लिहून शिकवायचे: वेग ६० चा ८० झाला तर गतिज ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते आणि ती सगळी ब्रेकनं उष्णता करून सोडायची असते. कुंभार्ली उतरताना ड्रम तापून पेडल मऊ पडलं की ते समीकरण पायाला कळतं. म्हणून योजनेत पहिलं काम इंजिनाचं नाहीच. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे लायनर मी मार्चमध्येच नवे करून घेतले, १४ हजार रुपये लागले. इंजिनासाठी ७५ हजार बाजूला ठेवले आहेत. मला गाडी पळवायची नाही. घाट तिसऱ्या गिअरवर जिथे चढायची तिथे चढावी, दिवे लागावेत, पेट्रोल ठिबकू नये, एवढंच हवं आहे.

इथवर सगळं हिशेबात बसतं. अडतं ते पुढे, नियमांपाशी.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं मुळात दिलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलापासून फारकत होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे ठामपणे सांगितलं. माझा याला पाठिंबा आहे. रस्त्यावर लोक मनाला येईल तसं वाहन कापूजोडू लागले तर मरणारे दुसरेच असतात. पण माझ्या नोंदणीपत्रात १०८९ सीसी लिहिलं आहे आणि बोअर केल्यावर इंजिन ११०९ चं होणार. हा बदल झाला की दुरुस्ती? झिजलेल्या इंजिनासाठी मोठ्या मापाचे पिस्टन तर कंपन्याच बनवून विकत आल्या. या देशात चाळीस-पन्नास वर्षं प्रत्येक ट्रक, प्रत्येक ट्रॅक्टर, प्रत्येक टॅक्सी बोअर होत आली आणि कोणी त्यासाठी नोंदणीपत्र दुरुस्त करून घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. ती दुरुस्तीच आहे, असं माझं ठाम मत आहे. पण माझ्या मताला तपासणीच्या रांगेत किंमत नाही.

नोंदणीच्या मागच्या नूतनीकरणाच्या वेळचा अनुभव सांगते. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं कामाच्या ओझ्याखाली होती आणि माझ्याशी सभ्यपणे वागली. मी आधीच विचारलं, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला तर चालेल का? एका खिडकीवर सांगितलं, चालेल, ते इंजिनात धरत नाहीत. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, विजेचा भाग बदलला की तो बदलच, अर्ज करा. अर्ज कुठल्या नमुन्यात, ते दोघांनाही सांगता आलं नाही. मी लेखी विचारणा केली. सात महिने झाले, उत्तर नाही. त्या वेळी मी डायनॅमोच ठेवला आणि आजही रात्री घाटात गाडी घालायचं टाळते.

भाचा म्हणतो, मग विंटेजमध्येच नोंद कर, ५० वर्षं होताहेतच. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले, नव्यानं नोंदलेल्या गाडीच्या नंबरपट्टीवर व्हीए अशी अक्षरं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. हे नियम आले तेव्हा मला आनंद झाला होता. आपला यंत्रवारसा जपायला हवा असं सरकारला वाटलं, हे लहान नाही. पण नीट वाचलं तेव्हा कळलं, ते माझ्यासाठी नाहीत. विंटेज गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापराला नाही. बहिणीकडे तांदूळ पोचवणं त्यात बसत नाही. शिवाय गाडी मूळ रूपातली हवी, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. सीट कडक केल्या, बोअर ०.६ केला, तर तो मोठा फेरफार ठरणार का, हे कोण सांगणार?

साध्या नोंदणीत राहावं तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच. २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झालं. मी ते भरीन. तक्रार पैशाची नाही. तक्रार ही आहे की एवढं शुल्क घेऊन गाडी रस्त्यावर ठेवायची परवानगी मिळते, पण ती सुरक्षित चालावी म्हणून काय करता येईल आणि काय नाही, हे कुठे लिहिलेलं मिळत नाही.

प्रदूषणाचा मुद्दा त्या गृहस्थांनी मांडला होता, त्याला उत्तर द्यायला हवं. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, हे मी नाकारत नाही. जुन्या पेट्रोल चारचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. माझ्या गाडीचा मागचा आकडा २.७ होता, म्हणजे पास, पण समाधानकारक नाही. रिंगा तेल खातात, पॉइंट झिजलेले, चार सिलिंडर चार तऱ्हेनं जळतात, मग आकडा असाच येणार. नेमकं तेच दुरुस्त करायचं मी म्हणते आहे. दुरुस्तीनंतर तो दोनच्या खाली आणता येईल, अशी आमच्या मिस्त्रींची खात्री आहे. माझी गाडी वर्षाला पाच-साडेपाच हजार किलोमीटर चालते. ती मोडीत काढून नवी घेतली, तर त्या नव्या गाडीचं लोखंड, काच, रबर बनवताना जो धूर निघाला तोही हिशेबात धरा, एवढंच मागणं आहे.

माझी परिवहन आयुक्तालयाला विनंती आहे की त्यांनी मराठीत एक पान काढावं. जास्त नको, एकच. त्यात लिहावं की झिजलेल्या इंजिनाला मोठ्या मापाचे पिस्टन घालून बोअर करणं ही दुरुस्ती समजली जाईल. इग्निशन, अल्टरनेटर, पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, व्हॉल्व्ह सीट यांसारखे भाग आजच्या इंधनाला साजेसे करता येतील. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागेल आणि ब्रेकची तपासणीही होईल. हे पान प्रत्येक खिडकीवर लावलेलं असावं, म्हणजे विचारणाऱ्यालाही कळेल आणि उत्तर देणाऱ्यालाही. केंद्राच्या विंटेज नियमांत बदल राज्याच्या हाती नाही, हे मला समजतं. पण रोज वापरात असलेल्या ५० वर्षांवरच्या गाड्यांचं काय, हा प्रश्न राज्यानं दिल्लीला विचारावा.

आणि त्या पत्रलेखक गृहस्थांना आग्रहाचं निमंत्रण. आपण कराडच्या आसपास कुठे राहत असाल तर एखाद्या शनिवारी सकाळी या. आपल्याला कोयनानगरपर्यंत नेऊन आणते. पुढचं आसन एकसंध बाकासारखं आहे, तिघं आरामात बसतात. घाटात आता थोडी धाप लागते, ती ऐका. इंजिनकाम झाल्यावर पुन्हा या आणि मग काय वाटतं ते याच पानावर लिहा.

कोल्हापूरच्या टर्नरनं बोअरसाठी पुढच्या महिन्याच्या १८ तारखेचा दिवस दिला आहे. मिस्त्री त्याच्या आदल्या आठवड्यात इंजिन उतरवतील. पिस्टनचा सेट आणून ठेवला आहे, सीटही आल्या आहेत. अल्टरनेटर मात्र अजून दुकानातच आहे, पाचशे रुपये देऊन बाजूला ठेवायला सांगितलं आहे. सात महिन्यांपूर्वीच्या माझ्या पत्राला त्या तारखेच्या आत दोन ओळींचं लेखी उत्तर आलं, तर तोही याच खेपेला बसवून घेईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कराड